तळघरात सम्प, हॉलमध्ये टँक: पाइप, पंप आणि पावसाळा

चेंबूरकर

नमस्कार मंडळी. चेंबूरला बंगल्याच्या तळमजल्यावर, हॉलमध्ये सहा बाय दोन बाय दोन फुटांचा डिस्कस माशांचा टँक करतोय. सम्प, म्हणजे टँकचं पाणी खाली येऊन गाळलं जातं आणि पंपानं परत वर जातं ती दुसरी टाकी, टँकखाली न ठेवता तळघरात न्यायचा विचार आहे. हॉलमध्ये पंपाची घरघर नको आणि पाणी बदलताना बादल्या फरशीवरून न्यायला नकोत, ही दोन कारणं.

मापं देतो. टँक १८० × ६० × ६० सेंमी, काच १२ मिमी, स्टँड ७५ सेंमी उंच. सम्प १२० × ५० × ५० सेंमी. हॉलच्या फरशीपासून तळघराच्या फरशीपर्यंत ३.३ मीटर. सम्प टँकच्या बरोबर खाली येत नाही, चारेक मीटर बाजूला जातो, म्हणजे पाइप एका दिशेला साधारण १० मीटर. तासाला ३००० लिटर पाणी फिरावं अशी अपेक्षा आहे. पंप कोणता, पाइप किती इंची, आणि स्लॅबला भोक कुठून पाडायचं?

काचकाम

पंप शेवटी. पहिला हिशेब पंप बंद असतानाचा करा. दूरच्या सम्पचं पाणी फरशीवर येतं ते बहुतेक वेळा लाइट गेल्यावर, आणि तळघरात ते बघायला कोणी नसतं.

तुमच्याच मापांवर मांडतो. ड्रेन म्हणजे पाणी खाली नेणारा पाइप, रिटर्न म्हणजे पंपाचं पाणी परत वर नेणारा, आणि ओव्हरफ्लो म्हणजे टँकमधला ड्रेनच्या तोंडाभोवतीचा दातेरी कडेचा बॉक्स. टँकचा पृष्ठभाग १०,८०० चौरस सेंमी, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की १०.८ लिटर खाली. ओव्हरफ्लोच्या दातांवरून वाहणारा थर आणि रिटर्नला हवा मिळेपर्यंतची घट मिळून अडीच सेंमी धरा: २७ लिटर. ओव्हरफ्लो बॉक्स आतून ३० × १५ सेंमी आणि ड्रेनच्या तोंडावर १५ सेंमी पाणी उभं असेल, तर ७ लिटर. सव्वा इंची पाइपात मीटरला जवळपास १ लिटर मावतं. ड्रेनचे १०, रिटर्नचे १०. बेरीज ५४.

आता सम्प. पहिल्या ९० सेंमी लांबीत पाणी ३० सेंमीवर ठेवलं तर १३५ लिटर, पंपाच्या ३० सेंमी खणात २२ सेंमीवर ३३ लिटर. चालू स्थितीत १६८. काठोकाठ ३०० मावतात, वरचे ३ सेंमी सोडले तर २८२. म्हणजे सुरक्षित मोकळी जागा ११४ लिटर. ५४ आरामात बसतात.

पण रिटर्नचं नोझल प्रवाह चांगला मिळावा म्हणून १५ सेंमी खोल बसवलं आणि सायफन तोडायचं भोक (पातळी उतरली की रिटर्न पाइपात हवा घेऊन उलटा प्रवाह थांबवणारं) शेवाळानं बुजलं, तर टँकमधूनच १६२ लिटर उतरतील. बॉक्स आणि पाइप धरून १८९. सम्प काठोकाठ भरून ५५ लिटरच्या वर पाणी फरशीवर. म्हणून नोझलचं तोंड ५ सेंमीपेक्षा खोल नको. तेवढ्यावर भोक पूर्ण बुजलं तरी ८१ लिटर येतात आणि ते बसतात. भोक ५ मिमीचं, चालू पातळीच्या १ सेंमी खाली, तोंड खालच्या बाजूला. दर महिन्याला दात कोरायच्या काडीनं साफ करायचं.

गप्पी_ठाणे

रिटर्नला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारी झडप) लावला की हा प्रश्न मिटतो ना?

काचकाम

नाही मिटत. झडपेत ड्रिफ्टवुडची साल किंवा बारीक गोगलगाय अडकली की एनआरव्ही गळतो, आणि तो गळतोय हे लाइट गेल्याशिवाय कळत नाही. शिवाय चालू असताना पंपाचा थोडा दाब खातो. पंप काढताना पाइपातलं पाणी अंगावर येऊ नये म्हणून हवा असेल तर पंपाजवळ युनियन आणि बॉल व्हॉल्व्ह लावा. सम्पची मोकळी जागा एनआरव्ही नाहीच असं धरून काढायची.

सायली_एम

उलटी बाजू पण मांडा. ड्रेन तुंबला आणि पंप चालूच राहिला तर?

काचकाम

बरोबर, तोही तितकाच महत्त्वाचा. पंपाच्या खणातलं पाणी २२ वरून ६ सेंमीपर्यंत ओढलं जाईल, मग पंप हवा खाईल. १६ सेंमी गुणिले १५०० चौरस सेंमी, २४ लिटर. मधल्या खणांचं पाणी पार्टिशनच्या काचेमुळे अडलेलं राहतं. २४ लिटरनं टँकची पातळी २.२ सेंमी चढते. चालू पातळीपासून काठापर्यंत ४ सेंमी मोकळे ठेवले तर पाणी बाहेर येत नाही. यासाठीच पंपाचा खण लहान ठेवायचा, मोठा खण दिसायला बरा वाटला तरी.

खरा घोटाळा ऑटो टॉप-अपचा. बाष्पीभवनानं गेलेलं पाणी पंपाच्या खणातच कमी दिसतं, म्हणून सेन्सर तिथेच असतो. ड्रेन तुंबला की त्याच खणाची पातळी पडते, टॉप-अपला वाटतं पाणी उडालं, आणि तो भरतच राहतो. सगळं पाणी वरच्या टँकमध्ये. २.२ सेंमी गेल्यावर उरलेल्या १.८ सेंमीत १९ लिटर मावतात. म्हणून टॉप-अपचा साठा १५ लिटरच्या वर नको. वीस लिटरच्या जारमध्ये १५ पर्यंत खूण करा. टॉप-अप थेट नळाला किंवा गच्चीवरच्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह लावून कधीच जोडू नका. तो साठा संपत नाही, आणि नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं ते वेगळंच.

नळजोडणी

आता पाइप. ३००० लिटर तासाला, १० मीटर सरळ पाइप आणि आठ एल्बो धरले (एक एल्बो म्हणजे सुमारे १ मीटर पाइपाइतका अडथळा), तर घर्षणात जाणारी उंची साधारण अशी येते: पाऊण इंचीत ६ मीटर, एक इंचीत १.९ मीटर, सव्वा इंचीत ०.४५ मीटर. पाऊण इंचीचा विचारच सोडा. एक इंची आणि सव्वा इंची यांच्या किमतीतला फरक एकदाच द्यायचा असतो. बारीक पाइपाचा भुर्दंड वीजबिलात दर महिन्याला. रिटर्न सव्वा इंची घ्या, फक्त शेवटच्या नोझलला रिड्यूसर.

माल पांढरा यूपीव्हीसी, शेड्यूल ४०, सॉल्व्हंट सिमेंटनं जोडायचा. एसडब्ल्यूआरचा (सांडपाण्याचा) रिंगवाला पाइप नको, तो भरून दाबाखाली चालवायचा माल नाही, आणि तुमचा ड्रेन भरून चालणार आहे. पितळी व्हॉल्व्ह, पितळी निपल पाण्यात कुठेही नको. मऊ पाण्यात तांबं उतरतं, कोळंबी आणि गोगलगाय आधी जातात. जोड चिकटवायच्या आधी पाइपाचं तोंड कानशीनं घासून चामफर (तिरकी कड) काढा, दोन्ही बाजूंना सिमेंट लावा, आत ढकलताना पाव वळसा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. पाणी दुसऱ्या दिवशी सोडा.

पाइप तीन: सव्वा इंची सायफन ड्रेन (हवा न घेता पूर्ण भरून चालणारा), दोन इंची इमर्जन्सी ड्रेन (सायफन तुंबला तर पाणी घेणारा), सव्वा इंची रिटर्न. इमर्जन्सीचं तोंड सायफनच्या चालू पातळीपेक्षा २-३ सेंमी वर, आणि त्यावर कुठेही व्हॉल्व्ह नाही. एल्बो ९० अंशाचा एक लावण्यापेक्षा ४५ चे दोन. आडव्या तुकड्याला मीटरला २ सेंमी उतार, आणि मध्ये कुठेही पोट नको. पोट पडलं की तिथे हवेचा गोळा अडकतो, ड्रेन गुळगुळत राहतो आणि वरची पातळी खालीवर होते. छताखाली दर ७५ सेंमीला क्लँप. पाण्यानं भरलेला पाइप त्याहून जास्त अंतरावर हळूहळू वाकतोच.

गप्पी_ठाणे

सायफन ड्रेनचा व्हॉल्व्ह वर टँकमागे लावला तर पातळी बघत बघत फिरवता येईल.

नळजोडणी

सोयीचं वाटतं, पण इतक्या उंचीवर तसं करू नका. व्हॉल्व्ह वर असेल तर त्याच्या खालचा चार मीटरचा पाण्याचा स्तंभ खाली ओढतो आणि व्हॉल्व्हच्या लगेच खाली पाइपात वातावरणापेक्षा कमी दाब तयार होतो. एखाद्या जोडाला केसाएवढी फट असली तर पाणी बाहेर गळायच्या ऐवजी हवा आत ओढली जाते, पाण्यात विरघळलेली हवाही सुटते, आणि खाली सम्पमध्ये दुधासारखे बुडबुडे येतात. तेच बुडबुडे पंपातून परत टँकमध्ये. व्हॉल्व्ह खाली, सम्पच्या तोंडाशी लावला की वरून खालपर्यंत पाइप पाण्यानं भरलेला आणि दाबाखाली राहतो. आवाज नाही, बुडबुडे नाहीत. जोड कच्चा असेल तर तो गळून दिसतो, लपत नाही.

पातळी बघायला वर एक माणूस फोनवर ठेवा. व्हॉल्व्ह फिरवल्यावर परिणाम वर पोचायला वेळ लागतो. थोडासा फिरवा, पाच मिनिटं थांबा, मग पुढचा फेरा.

या जागी थोडा थोडा फिरवता येणारा गेट व्हॉल्व्ह हवा. प्लास्टिकचा गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे बहुतेक मिळत नाही. नागदेवी स्ट्रीटला व्हॉल्व्हवाल्यांकडे विचारा. नाहीच मिळाला तर दोन बॉल व्हॉल्व्ह समांतर लावा: टी काढून एका फाट्यावर सव्वा इंची, दुसऱ्यावर अर्धा इंची, पुढे परत एकत्र. मोठा व्हॉल्व्ह जवळपास बरोबर पातळीवर आणून सोडायचा आणि बारीक जुळवणी अर्ध्या इंचीनं करायची. एकट्या बॉल व्हॉल्व्हवर हे जमत नाही. दांडा जरा हलला की पातळी पार बदलते.

ड्रेनचं शेवटचं तोंड सम्पच्या चालू पातळीखाली २-३ सेंमीच बुडवा. त्याहून खोल गेलं तर पुन्हा सुरू होताना पाइपातली हवा बाहेर पडायला अडते आणि सायफन पकडायला उशीर होतो.

चेंबूरकर

हे फार कामाचं आहे, सगळ्यांचे आभार. पंपाचं आता सांगा. कूलरचे मोठे पंप स्वस्त मिळतात, आणि घरात पाणी चढवायचा अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉकही पडून आहे.

सायली_एम

दोन्ही नको. कूलर पंप बहुतेक दोन मीटरच्या आतच दम टाकतो, तुमच्याकडे पाणी वर पोचणारच नाही. मोनोब्लॉक चोवीस तास चालवायला बनवलेला नसतो, आतले बिडाचे आणि पितळेचे भाग पाण्याला लागतात, आणि वीजही साधारण चौपट खातो.

तुमची उंची काढू. टँकची पातळी हॉलच्या फरशीपासून १.३१ मीटर, त्यात ३.३ मिळवा, सम्पची पातळी तळघराच्या फरशीपासून ०.६७ वजा करा (४५ सेंमीचा ओटा धरलाय, त्याचं कारण पुढे). ३.९४ मीटर. घर्षण ०.४५. म्हणजे ४.४ मीटर, साडेचार धरा. खोक्यावर 'कमाल उंची ५ मीटर' लिहिलेला पंप घेतला तर साडेचारवर पाण्याची नुसती धार येईल, कारण कमाल उंचीला प्रवाह शून्य असतो. कंपनीचा आलेख बघा आणि ४.५ मीटरच्या रेषेवर ३००० ते ३५०० लिटर मिळतात का ते तपासा. आलेख न देणाऱ्याचा पंप घेऊ नका. साधारण ७-८ मीटर कमाल उंचीच्या मॅग्नेटिक ड्राइव्ह पंपांत तुमचं काम बसतं.

वीज: साडेचार मीटरवर ३००० लिटर उचलायला निव्वळ ३७ वॅट लागतात. लहान पंपाची कार्यक्षमता तिसऱ्या हिश्शाच्या आसपास धरली तर ११० ते १२० वॅट. महिन्याला ८० ते ८६ युनिट. १० रुपये युनिट धरलं तर ८०० च्या वर. टँकखालच्या सम्पला हेच पाणी याच्या निम्म्याहून कमी विजेत फिरतं. हा खर्च मान्य असेल तरच तळघराचा बेत पक्का करा.

मुळा_मुठा

मुळात सम्पच कशाला? कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) तळघरात ठेवा. बंद नळी असली की चढलेलं आणि उतरलेलं पाणी एकमेकांना तोलतं, उंचीचा भार पंपावर येत नाही.

सायली_एम

तोलण्याचा मुद्दा अगदी बरोबर. सम्पमध्ये पाणी उघड्यावर पडतं, तिथे त्याची उंची वाया जाते, म्हणून पंपाला ती परत भरावी लागते. पण कॅनिस्टर साधारण टँकच्या स्टँडखाली, दीडेक मीटरच्या फरकासाठी बनवलेला असतो. चार-साडेचार मीटरवर त्याच्या झाकणाच्या रबरावर ०.४ बारपेक्षा जास्त दाब कायम बसतो. ते रबर सुटलं की आत घेणाऱ्या नळीच्या जाळीपर्यंतचं टँकचं सगळं पाणी तळघरात. सम्पमध्ये निदान किती पाणी खाली येणार हे आधीच ठरलेलं असतं. हीटर, टॉप-अप, पाणी बदलणं हेही सम्पमध्येच होतं, आणि डिस्कसला तेच जास्त लागतं.

काचकाम

स्लॅबचं राहिलं. टँकमध्ये ६०० लिटर पाणी, काच १२० किलो, स्टँड ७०, वर लाकूड-रेती. ८५० किलो धरा, तेही १.०८ चौरस मीटरवर. राहत्या घराच्या स्लॅबला भारतीय मानकात चल भार (माणसं, सामान यांचा) २०० किलो प्रति चौरस मीटर धरतात. तुमच्या हॉलखाली तळघर आहे, म्हणजे ही जमिनीवरची फरशी नाही, अधांतरी स्लॅब आहे. टँकची लांबी बीमवर किंवा तळघराच्या भिंतीच्या डोक्यावर येईल अशी जागा निवडा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय स्टँडची ऑर्डर देऊ नका. सम्प खाली गेल्यानं स्लॅबवरचे दोनेकशे किलो वाचतात, ही तळघराची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

भोकं डायमंड कोअरनं, तीन वेगळी, प्रत्येकात फक्त एक पाइप. ब्रेकर हातोडा लावू देऊ नका. सळई कुठून गेलीय ते डिटेक्टरनं खुणा करून घ्या, बीम आणि कॉलमजवळची पट्टी पूर्ण सोडा. जुन्या बंगल्यात सळई आधीच गंजलेली असण्याची शक्यता मोठी, म्हणून कापलेली सळई दिसली तर तिथेच थांबून इंजिनिअरला बोलवा. भोकात स्लीव्ह घाला, ती हॉलच्या फरशीच्या ३ सेंमी वर ठेवा, म्हणजे फरशी धुताना पाणी खाली जात नाही. पाइप आणि स्लीव्हमधली फट पीयू सीलंटनं भरा, सिमेंटनं नाही. सिमेंटनं पाइप आवळला की पंपाचा कंप सगळ्या स्लॅबला ऐकू येतो.

माहुलकाठ

पावसाळ्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तेवढा नाही झाला तरी मोठी भरती आणि जोरदार पाऊस एका वेळी आला की नाले समुद्रात रिकामे होत नाहीत आणि तळघराच्या नहाणी ट्रॅपमधून पाणी उलटं वर येतं. पाऊस दारातून येण्याआधी जाळीतून येतो. त्या जाळीच्या लाइनवर बॅकफ्लो व्हॉल्व्ह हवाच.

सम्प ४५ सेंमीच्या पक्क्या ओट्यावर ठेवा. पंपाला उचलायची उंचीही तेवढी कमी होते. सगळे सॉकेट, पंपाचा कंट्रोलर, अडॅप्टर फरशीपासून दीड मीटर वर, वायर सॉकेटखाली लोंबती ठेवून मग वर घ्या म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटात जात नाही. स्वतंत्र ३० एमएची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), आणि तिचा बोर्ड वर हॉलच्या बाजूला. तळघरात पाय बुडेल इतकं पाणी असताना खाली उतरून स्विच बंद करायची वेळ येऊ नये.

फ्लोट स्विच तीन ठिकाणी: हॉलच्या टँकमध्ये काठाखाली २ सेंमी, सम्पच्या काठाखाली, आणि तळघराच्या फरशीपासून १० सेंमीवर. तिन्ही १२ व्होल्टवर, रिलेतून. टँकचा आणि फरशीचा स्विच पंप आणि टॉप-अप बंद करतील. सम्पचा मात्र पंपाला जोडू नका, त्यानं फक्त टॉप-अप बंद करायचा आणि भोंगा वाजवायचा. फरशीचा स्विच पंप का बंद करतो? पुराचं पाणी सम्पच्या काठावरून आत आलं आणि पंप चालूच राहिला, तर ते गटाराचं पाणी थेट डिस्कसला. पंप बंद झाला की वरचा टँक सुटा राहतो आणि मासे वाचतात. वायफायच्या सेन्सरवर अवलंबून राहू नका, तळघरात रेंज पकडत नाही. वायर ओढून भोंगा हॉलमध्ये बसवा.

चेंबूरकर

सम्पचा फ्लोट पंपाला का नाही जोडायचा ते समजलं नाही.

माहुलकाठ

लाइट गेल्यावर सम्प भरणं हे ठरलेलंच आहे. लाइट आल्यावर तोच स्विच वर उचललेला असेल तर पंप सुरूच होणार नाही, आणि पंप सुरू झाल्याशिवाय सम्पची पातळी उतरणार नाही. पंप रात्रभर बंद.

सायली_एम

त्यालाच जोडून: पंप बंद असताना वरच्या टँकमध्ये ना प्रवाह, ना फिल्टर. डिस्कसचं पाणी २८ ते ३० अंश, गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. लाइट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप हॉलमध्ये एक, सम्पच्या मीडियाच्या (जिवाणू वाढतात त्या गाळणीच्या मालाच्या) खणात एक. हीटर मधल्या खणात बुडवा, पंपाच्या खणात नको. तिथली पातळी पडली की काचेचा हीटर हवेत तापतो आणि पाणी परत आलं की तडकतो.

मुंबईचं तलावाचं पाणी मऊ, डिस्कसला मानवतं, पण त्यात केएच (पीएच टिकवून धरणारी कार्बोनेट कठीणता) कमी असतो. सम्पमध्ये भरपूर मीडिया म्हणजे भरपूर नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं), त्यात केएच खर्च होतो आणि पीएच एकदम कोसळू शकतो. बंद तळघरात कार्बन डायऑक्साइड साचला तर अजून खाली. आठवड्याला केएच तपासा, जाळीच्या पिशवीत मूठभर कोरल चुरा ठेवा, आणि तळघराला एक्झॉस्ट फॅन द्या. फॅन नसेल तर पावसाळ्यात भिंतींना बुरशी आणि स्टँडला गंज ठरलेला.

पाणी बदलायला सम्पशेजारी २०० लिटरची टाकी. त्यात आदल्या दिवशी नळाचं पाणी, सोडियम थायोसल्फेट आणि एअर स्टोन. एकूण ७७० लिटरचं पाव पाणी तेवढ्यात होतं. मात्र पंप बंद करून सम्पमधूनच उपसा केला तर पंपाच्या खणासकट जेमतेम शंभर-सव्वाशे लिटर निघतात, म्हणून उरलेलं दुसऱ्या फेरीत. उपसलेलं पाणी तळघराच्या जाळीत सोडायच्या आधी ती लाइन गटाराच्या वर आहे की खाली ते प्लंबरकडून बघून घ्या. खाली असेल तर ते पाणीही पंपानंच वर चढवावं लागेल.

चेंबूरकर

इंजिनिअरला बोलावलंय. शेवटचं एक: सगळं जोडून झाल्यावर चाचणी कोणत्या क्रमानं घ्यायची? मासे नंतरच येतील.

नळजोडणी

आधी फक्त टँक भरा, ड्रेन आणि रिटर्न दोन्हीकडून बंद, एक रात्र ठेवा आणि टँक कनेक्टरच्या रबराभोवती टिश्यू फिरवून बघा. मग सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप सुरू करा. सुरुवातीला गडगडाट होईल, तो हवेचा. तो थांबला की व्हॉल्व्ह हळूहळू आवळत बॉक्समधली पातळी इमर्जन्सीच्या तोंडाखाली आणा. सम्पच्या काचेवर मार्करनं चालू पातळीची रेघ मारा.

आता पंपाचा स्विच बंद करा आणि पाणी थांबेपर्यंत सम्पजवळ उभे राहा. थांबलेल्या पातळीची दुसरी रेघ. काचकाम यांच्या हिशेबाशी जुळत नसेल तर नोझल किंवा भोक बघा. मग भोकावर बोट ठेवून हेच परत करा, ही तिसरी रेघ, आणि ती काठाखाली ३ सेंमी राहिलीच पाहिजे. पुढे सायफनचा व्हॉल्व्ह मुद्दाम पूर्ण बंद करून पंप चालवा: सगळं पाणी एकट्या इमर्जन्सीतून जातंय का ते अर्धा तास बघा. त्यानंतर इमर्जन्सीच्या तोंडातही बूच घाला आणि पंप हवा खाईपर्यंत वरची पातळी मोजा. यावेळी एक माणूस वर, एक खाली, दोघं फोनवर, आणि वरच्याच्या हातात स्विच. टँकचा फ्लोट स्विच या चाचणीपुरता काढून ठेवा, मग परत लावून तो पंप तोडतो का तेही एकदा बघा.